संग्रहातली प्रत्येक कथा वाचायलाच हवी का?

वेगवेगळ्या लेखकांचा जाडजूड कथासंग्रह घेतलात, निम्म्या कथा रटाळ वाटताहेत, तरी सगळ्या वाचाव्यात का आणि पुढचा संग्रह कुठला घ्यावा, असं तुम्ही विचारलंय.

सगळ्या वाचू नका. नाही रुचली की सरळ पुढची काढा.

अकरावीच्या सुट्टीत दादाने आपल्या कार्डावर वाचनालयातून असाच एक संग्रह आणून दिला. अट एकच, क्रमाने वाचायचं. पानात वाढलेलं टाकत नाहीत, तशी कथाही गाळायची नाही. असे संग्रह बहुधा कालानुक्रमे लावतात. आधी हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकाच्या काळातलं, १८९० नंतरचं पाल्हाळ, मग ना. सी. फडक्यांच्या वळणाच्या, शेवटी कलाटणी देणाऱ्या तंत्रशुद्ध कथा. मी पाचव्या कथेत अडकले. रोज जेवताना दादा विचारायचा, “कुठवर आलं?” शेवटी दंड भरून पुस्तक परत गेलं आणि मला साहित्यात गती नाही हे घरात ठरून गेलं.

दोन वर्षांनी तीच प्रत पुन्हा हाती आली. काळं बाइंडिंग. मिटून कडेने पाहिलं तर सुरुवातीची बोटभर जाडीची पानं हात लागून काळपट, पुढची सगळी स्वच्छ. म्हणजे गावातले सगळेच तिथवर येऊन थांबले होते! मी उभ्याउभ्या मागून उघडलं. बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ निघाली. परगावी नोकरीला गेलेला, डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून जात लपवणारा तरुण. ग्रंथपाल दिवे मालवायला लागले तेव्हा मी भानावर आले. ही कथा दादाच्या नियमापायी मला दोन वर्षं उशिरा भेटली, याचा राग अजून आहे.

मग मी तशीच शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत गेले. १९४५ नंतरचे, घटनेपेक्षा माणसाच्या मनात डोकावणारे नवकथावाले, गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर. गाडगीळ मला कोरडे वाटतात, हे मी कुणासमोरही म्हणेन. माडगूळकर मात्र कितीदाही वाचेन.

एक खरं, एम. ए. करत असाल तर क्रमानेच वाचा. शेवटी येणारी ती कलाटणी मराठी कथेतून कशी गळत गेली, ते तसंच दिसतं. आणि सोडलेल्या कथेवर पेन्सिलीने खूण करून ठेवा, पुढे कधी परत यायला. हरिभाऊ मी चाळिशीत एका बैठकीत वाचले, आणि आवडले.

गेल्या दिवाळीत दादाने भाचीला असाच संग्रह दिला, त्याच अटीवर. मी तिच्या हातून घेतला आणि शेवटून तिसरी कथा उघडून परत दिला.