पोटदुखी, टेन्शन आणि अपेंडिक्स : सर्जनची प्रश्नोत्तरे

बोर्डाच्या परीक्षा आल्या की हेच प्रश्न सुरू होतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

प्रश्न : मुलगी दहावीला आहे. पेपरच्या सकाळी बेंबीजवळ प्रचंड दुखतं, मळमळतं, दुपारी ठणठणीत. सोनोग्राफीत 'गाठी' निघाल्या. टीबी असेल?

दुखणं खरं आहे आणि कारण टेन्शन असू शकतं, दोन्ही एकदम खरं असतं. आतड्यांना स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं आहे, मेंदूशी त्याची लाइन सतत चालू. त्या बारीक गाठी म्हणजे आतड्यांजवळच्या लसिकाग्रंथी, त्या पुष्कळ निरोगी मुलांत दिसतात, नुसत्या तेवढ्यावरून कोणी टीबीची औषधं सुरू करत असेल तर आधी दुसरं मत घ्या. मात्र दुखण्याने झोपेतून उठत असेल, वजन घटत असेल, ताप किंवा शौचातून रक्त असेल तर पेपर-बिपर बाजूला. आणि नसेल तरी बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवाच.

प्रश्न : बेंबी सरकली म्हणतात, चोळून घेऊ का?

नको. आत सुजलेला अपेंडिक्स असेल तर चोळून तो फोडाल.

प्रश्न : बायको २६ वर्षांची. वर्षात चारदा रात्री कॅज्युअल्टीत नेलं, सीटीसकट सगळं नॉर्मल. आई म्हणते नाटक. पुन्हा दुखलं तर न्यायचं का?

न्यायचं! 'नाटक' हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. माझ्याकडे एक कॉलेजातली मुलगी यायची, सारखं पोट धरून, दर वेळी काहीच निघायचं नाही, मग घरच्यांनी ठरवूनच टाकलं की हिचं टेन्शनचंच, आणि पाचव्या वेळी तिसऱ्या दिवशी आणली तेव्हा अपेंडिक्स फुटून पोटभर पू. टेन्शनवाल्या माणसाला अपेंडिक्स होत नाही असं कुठे लिहिलंय?

आम्ही काय बघतो सांगतो. आधी गप्पा मारत स्टेथोस्कोपनेच हळूच पोट दाबतो, लक्ष दुसरीकडे असताना तितकंच दुखतं का. मग विचारतो, रिक्षा खड्ड्यात आदळली तेव्हा कळ आली का. हसू नका, २०१२ साली इंग्लंडमध्ये यावर अभ्यास झालाय, अपेंडिक्स निघालेल्या ३४ पैकी ३३ जणांना स्पीडब्रेकरवर दुखलं होतं. (आपल्याकडे रस्ताच असा की सगळ्यांनाच दुखतं, ते सोडा.) बेंबीजवळ सुरू होऊन काही तासांत उजवीकडे खाली सरकलेलं दुखणं, मागून उलटी, जेवणावरची वासना गेलेली, हे मी कधीच टेन्शनवर ढकलत नाही. या वयात पाळी चुकली असेल तर गर्भनलिकेतला गर्भ आहे का ते बघावंच लागतं, तो फुटला तर जीव जातो. शुगरही तपासा, डायबेटिस बिघडला तरी पोट असंच दुखतं.

पण दर वेळी नवं हॉस्पिटल आणि नवा सीटी हेही नको. एकच डॉक्टर धरा, एकच फाइल ठेवा आणि सोबत मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. म्हणजे ती वेडी ठरत नाही, हे आईंना माझ्या नावाने सांगा.

प्रश्न : 'क्रॉनिक अपेंडिक्स' आहे, पॅकेज चालू आहे, याच आठवड्यात काढून टाका म्हणाले. काढू?

ऑफर साड्यांवर असते हो. रिपोर्ट घेऊन दुसऱ्या सर्जनकडे जा, आणि टाके पडल्यावरही तीच कळ तशीच राहिलेले पेशंट माझ्याकडे दर महिन्याला येतात एवढं लक्षात ठेवा.

प्रश्न : दवाखान्यात जाईपर्यंत पेनकिलर घेतली तर चालेल?

घरी गोळ्यांवर गोळ्या खात रात्र काढू नका, काही न खाता-पिता निघा, इंजेक्शन तिथे देतील.