4 आणि 6 वर्षांच्या मुलांसोबत घरी कमी खर्चात, पसारा न करता, शाळेत नेण्यासारखं नीट काय काय बनवता येईल? चांगला किट कोणता?

तुमच्या प्रश्नात तीन अटी आहेत. खर्च कमी हवा, घरात पसारा नको आणि वस्तू शाळेत नेण्यासारखी ‘नीट’ दिसायला हवी. पहिली अट सहज पाळता येते. बाकीच्या दोन काढून टाका. पसारा होणारच. आणि चार वर्षांच्या मुलानं केलेली वस्तू नीट दिसत असेल, तर ती त्यानं केलेली नाही, हे नक्की समजा.

तावातावानं लिहितोय, कारण या ‘नीट’वरून आमच्या घरात अजून वाद आहे.

आम्ही इंदूरचे. आजोबा गिरणीच्या नोकरीसाठी इकडे आले ते इथलेच झाले. बाबा मिलमध्ये फिटर होते. इंदूरबाहेरच्यांना कदाचित माहीत नसेल, पण अनंत चतुर्दशीच्या रात्री इथे झांक्या निघतात. हुकमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण अशा कापडगिरण्यांच्या कामगारांनी उभे केलेले हलते देखावे ओळीनं जातात आणि सगळं शहर रात्रभर रस्त्यावर असतं. हुकमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या पैशांचा प्रश्न सुटायला 2023 चा डिसेंबर उजाडला. मधल्या काळात पगार नाही, मिल नाही, तरी वर्गणी गोळा करून या लोकांनी झांकीची परंपरा टिकवली. बाबांची मिल वेगळी, पण कथा तीच. राक्षसाची मान डोलते, कृष्ण करंगळीवर पर्वत उचलतो, ते सगळं बांबू, तार, कापड, जुनी मोटर आणि मुद्दाम ‘आऊट’ बसवलेलं चाक यांच्या जोरावर. आऊट म्हणजे ज्याचं भोक बरोबर मध्यावर नाही ते. एवढ्यावर अख्खा हनुमान उडायचा.

माझी लेक केजीत असताना जेल रोडच्या कोपऱ्यावर माझ्या खांद्यावर बसून तिनं झांक्या बघितल्या. दुसऱ्या दिवशी तिचा प्रश्न: आपली झांकी कधी निघणार? नेमकी त्याच सुमारास शाळेतून चिठ्ठी आली, ‘बेस्ट आऊट ऑफ वेस्ट’ स्पर्धा, घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून काहीतरी बनवून आणा. म्हटलं चला, दोन्ही कामं एकदम.

बुटांचा खोका घेतला. देखावा कोणता, तर गणपती नको म्हणाली, उंदीर हवा, मोदकासाठी उड्या मारणारा. खोका आडवा ठेवून दोन्ही बाजूंना समोरासमोर भोकं पाडली आणि त्यातून आईची लोकर विणायची जुनी सुई आरपार घातली. हा झाला कणा. सुईच्या टोकाला खोडरबर खोचला, म्हणजे टोचणार नाही आणि धरून फिरवताही येईल. चाकासाठी झिजलेली हवाई चप्पल. तिच्या तळव्यातून पाण्याच्या बाटलीच्या झाकणापेक्षा थोडी मोठी चकती मी ब्लेडनं कापून दिली. माझ्याकडे ब्लेडची कामं, बाकी सगळं तिच्याकडे, असा करार होता. चपलेचं रबर यासाठी फार उत्तम. सुई त्यात घट्ट बसते, डिंक लागत नाही, चकती काढून परत दुसरीकडे भोसकता येते. पुठ्ठ्याची चकती दोन फेऱ्यांत सैल होते.

खोक्याच्या वरच्या बाजूला संपलेल्या पेनाची रिकामी नळी उभी बसवली. नळीतून सहज सरकेल अशी एक बारीक काडी घातली, काडीच्या खालच्या टोकाला पुठ्ठ्याची गोल टिकली, ती चकतीवर टेकलेली. वरच्या टोकाला उंदीर.

तिनं चकतीला भोक पाडलं बरोबर मध्ये. कारण चाकाला भोक मध्येच असतं, हे तिनं सायकलवर पाहिलेलं. फिरवलं. उंदीर जागचा हलेना. माझ्याकडे बघितलं. मी गप्प राहिलो, आणि ते गप्प राहणं मला फार जड गेलं. तिनं सुई काढली, थोडी बाजूला भोसकली. उंदीर जरासा हलला. मग तिला कळलंच. अगदी काठाजवळ भोसकली आणि उंदरानं उडी मारली. (हिशेब हवा असेल तर: भोक मध्यापासून 1 सेंटिमीटर सरकवलं की उंदीर एकूण 2 सेंटिमीटर वरखाली होतो. मोठ्यांनी हे आधी सांगू नये.) पुढची गंमत तर मलाही अपेक्षित नव्हती. टिकली चकतीच्या अगदी वर न बसता जरा बाजूला टेकली की उंदीर उडी मारता मारता स्वतःभोवती फिरायलाही लागतो, कारण रबर तिला घासून फिरवतं. लेक ओरडली, ‘नाचतोय!’ मग पुढचे कितीतरी दिवस घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो नाच बघावा लागला.

खोका तिनंच रंगवला. रंग बाहेर ओघळलेला, उंदराला एक कान, मोदकाचा आकार बटाट्यासारखा. मी हात लावला नाही.

शाळेत पहिलं बक्षीस मिळालं थर्मोकोलच्या देवळाला. नवंकोरं थर्मोकोल, सोनेरी लेस, कडा मशीननं कापलेल्या. अशा वस्तू ऑर्डर देऊन बनवून मिळतात, हे प्रत्येक पालकाला ठाऊक आहे आणि प्रत्येक शाळेला ठाऊक आहे. टाकाऊपासून टिकाऊच्या स्पर्धेत विकत घेतलेलं थर्मोकोल पहिलं येतं! आमच्या वहीत शेरा आला: कल्पना छान, फिनिशिंगकडे लक्ष द्यावे. पण मला राग त्याचा नाही. सगळ्या वस्तू टेबलावर मांडल्या होत्या आणि समोर पाटी होती, ‘कृपया हात लावू नये’. म्हणजे फिरवायची वस्तू कोणी फिरवलीच नाही. ज्यांनी मार्क दिले त्यांनीही उंदीर नाचताना बघितला नाही. लेकीला बक्षिसाचं काही वाटलं नव्हतं. घरी येऊन ती एवढंच म्हणाली, ‘कोणी फिरवलंच नाही.’

आता वाद. माझी ताई स्वतः प्राथमिक शाळेत शिकवते, दुसऱ्या शाळेत. ती म्हणाली, ‘अरे, रात्री ती झोपल्यावर जरा कडा सारख्या करून दिल्या असत्यास, रंग पुसून घेतला असतास, तर काय बिघडलं असतं? मुलं हिरमुसतात.’ दर गणपतीत हा विषय निघतो. तिचं म्हणणं, वर्गात चाळीस मुलं, एका तासात चाळीस वस्तू बघायच्या, तर जे डोळ्यांत भरेल त्यालाच मार्क पडणार, हे पालकांनी ओळखावं. माझं म्हणणं, बघायला वेळ नसेल तर मार्क देऊ नका. स्पर्धा बंद करा. मुलीनं केलेल्या कामावर रात्री बापानं गुपचूप हात फिरवणं म्हणजे तिला सकाळी न बोलता सांगणं की तुझं पुरेसं नव्हतं. पोरांना हे बरोबर कळतं. सकाळी उठून दुसरा कान दिसला असता तर तिनं ती झांकी पुन्हा माझी म्हटली नसती. बाबा आणि त्यांचे सोबती झांकी बांधायचे तेव्हा मूर्तीचं नाक जरा वाकडं असलं तर चालायचं. राक्षसाची मान अडकली तर मात्र चालायचं नाही. चालतं की नाही, हीच खरी कसोटी, आणि ती मुलाला स्वतःला घेता येते. त्याला परीक्षक लागत नाही.

तर तुमच्याकडे येतो. सहा वर्षांच्या मुलासोबत वरचा खोका करा, भोक कुठे पाडायचं ते सांगू नका. माचिसच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी यांचं मेकॅनोसुद्धा याच वयाचं. नळीचे सेंटिमीटरभर तुकडे, त्यात दोन्हीकडून काड्या (गुल खरवडून), की त्रिकोण, चौकोन, घर, पूल. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही, हे हातालाच समजतं. हे खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी घराघरांत पोहोचवलं आणि त्याची सुरुवात आमच्याच मध्य प्रदेशातली. होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली 16 शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला, तिथे ते 1978 मध्ये टेल्को या टाटांच्या ट्रक कंपनीतून रजा घेऊन गेले होते. सरकारनं तो कार्यक्रम 2002 मध्ये बंद केला. स्वस्त वस्तूंतून शिकणं जिथे एवढं रुजलं, त्या राज्यातल्या शाळा आज थर्मोकोलला बक्षीस देतात, याचा मला मनापासून त्रास होतो. नळी आता सगळीकडे मिळत नाही. सायकल दुरुस्तीच्या जुन्या दुकानात विचारा.

चार वर्षांच्याला हातानं मळायचं काम द्या. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल, लागेल तसं पाणी. रंगाला बिटाचं पाणी. त्याहून चांगला कागदाचा लगदा. वर्तमानपत्र फाडून रात्रभर भिजवायचं (फाडणं हाच त्याचा अर्धा आनंद), सकाळी भिजवलेल्या मेथीसोबत वाटायचं आणि वाडग्यावर उलटं थापून वाळवायचं. मेथीनं चिकटपणा येतो आणि कीड लागत नाही. आपल्या आज्या अशाच टोपल्या करायच्या. आणि हळदीचा कागद नक्की करा. हळदीचं पाणी कागदावर फासून वाळवा, मग मुलाला बोट साबणाच्या पाण्यात बुडवून चित्र काढू द्या. पिवळ्यावर लालभडक रेघ उठते. लिंबू पिळलं की परत पिवळी. एकूण खर्च चमचाभर हळद.

डिंक विकत घेऊ नका. एक वाटी मैद्याला चार-पाच वाट्या पाणी, मंद आचेवर काचेसारखं दिसेपर्यंत ढवळा, झाली खळ. कोणी वडीलधारे म्हणतील त्यात मोरचूद घाल म्हणजे टिकेल. घालू नका, ते विषारी असतं. दोन दिवसांनी नवी करा.

पसाऱ्याचं म्हणाल तर जुनी चादर अंथरा आणि सामानासाठी एक खोका ठरवून ठेवा. आमच्या इंदुरात ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय सगळ्यांना लागलीये, तेव्हा सुक्यातली झाकणं, नळ्या, पुठ्ठे आधी लेकीच्या खोक्यात जातात आणि उरलेलं कचरागाडीत. बायको त्या खोक्याला अटाला (म्हणजे भंगार) म्हणते, पण रिकामा करत नाही.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. फुगे आणि बटणासारखे छोटे सेल धाकट्याच्या हाती लागू देऊ नका. सेल गिळला तर थेट हॉस्पिटल गाठावं लागतं. माचिसचा गुल मोठ्यांनीच काढायचा. मिठाचा गोळा खायचा नाही हे आधीच सांगा, आणि घरात कुत्रं असेल तर त्याच्यापासूनही लांब ठेवा. आणि सगळीच मुलं माझ्या लेकीसारखी भोकं पाडत बसतील असं नाही. काहींना दहा मिनिटांत कंटाळा येतो. तेव्हा उठू द्या.

किटचं विचारलंत. घेऊ नका. त्यात चकतीचं भोक कारखान्यातूनच योग्य जागी पाडून येतं, मग पोरानं शोधायचं काय? पैसे खर्चायचेच असतील तर प्रत्येकाला वेगळी, बोथट टोकाची पण खरंच कापणारी कात्री घ्या. डावखुरं मूल असेल तर डाव्या हाताची मागा, मिळते. सोबत कागदाला भोक पाडायचा पंच, सुतळीचा एक गुंडा आणि विणायच्या दोन सुया. चप्पल घरात झिजलेली असेलच.