सेटिरिझिनच्या (अ‍ॅलर्जीच्या) एका गोळीने शिंका थांबत नाहीत, दुसरी घेऊ का? सोबत सर्दीची गोळीही चालू आहे, आणि रोज गाडीवरून शिरोली एमआयडीसीला जायचं असतं.

नको. मोठ्या माणसाला दिवसाला १० मिग्रॅची एकच, पुढची २४ तासांनी. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर तीही निम्मी करतात. दुसरीने शिंका फारशा कमी होत नाहीत, झापड मात्र वाढते, आणि तुम्ही तर रोज गाडीवरून जाता म्हणताय.

खरी गोम तुमच्या सर्दीच्या गोळीत आहे. पाकीट उलटून बघा: पॅरासिटामॉलसोबत बारीक अक्षरात बहुधा क्लोरफेनिरामाइन असेल, म्हणजे तेही अ‍ॅलर्जीचंच, झापड आणणारं औषध. वर अंगदुखीला वेगळी पॅरासिटामॉल घेत राहिलात तर लिव्हरवर येऊ शकतं.

घरातल्या पोराने गोळ्या गिळल्या, तर पेंग येण्याची वाट बघू नका. आधी उलट चिडचिड, अस्वस्थपणा दिसू शकतो. उलटी काढायला लावू नका. रिकामी स्ट्रिप घेऊन थेट सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) गाठा, नाहीतर १०८ लावा.