मे महिन्यात भुसावळजवळ लग्न आहे. नवरदेवासाठी थ्री-पीस सूट शिवावा की जोधपुरी घ्यावा?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की मुहूर्त भर दुपारचा, मित्र थ्री-पीसच्या मागे लागलेत, घरचे जोधपुरी म्हणतात आणि बस्ता सासरकडचे फाडणार आहेत. मी धुळ्यात शिलाईचं काम करतो, लग्नसराईत आमच्याकडे नवरदेवांचीच गर्दी असते. माझं मत सरळ आहे: टू-पीस सूट शिवा, वेस्टकोट सोडून द्या.

पुण्या-मुंबईच्या एसी हॉलमधले फोटो बघून कपडे ठरवू नका. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ अंशांना टेकतो. आणि आपल्याकडे नवरदेव नुसता स्टेजवर बसत नाही. आधी परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघतो, घोड्यावर बसून मारुतीपर्यंत जायचं, बँडपुढे मित्र हलू देत नाहीत, एक-दीड तास तिथेच. वर फेटा, मुंडावळ्या, गळ्यात हार. त्यात शर्ट, वेस्टकोट आणि कोट असे तीन थर म्हणजे घाम पुसायला माणूस नेमावा लागेल.

जोधपुरीला माझा विरोध नाही, रुबाबदार दिसतो. पण बंद गळा मोकळा करता येत नाही. सूटचा कोट जेवताना काढून ठेवला तरी खाली शर्ट असतो. जोधपुरी काढला तर बहुतेकांच्या अंगात खाली बनियनच असतं! घरच्यांचं मन राखायचं असेल तर संध्याकाळच्या रिसेप्शनला जोधपुरी घाला. मखमली शेरवानी मात्र मे महिन्यात कोणी फुकट दिली तरी नको.

आता कापड, कारण खरा फरक तिथेच पडतो. दुकानात पहिल्यांदा टीआर दाखवतात, म्हणजे पॉलिस्टर आणि व्हिस्कोस. स्वस्त असतं, चमकतं, पण पॉलिस्टर जास्त असलं तर हवा खेळत नाही आणि पाठीला चिकटतं. लोकर म्हटलं की लोक दचकतात, ‘उन्हाळ्यात लोकर?’ पण पातळ, मोकळ्या विणीची ट्रॉपिकल लोकर उन्हाळ्यासाठीच असते. हवा जाऊ देते, घाम ओढून घेते, चुरगळली तरी लवकर सरळ होते. कापडाच्या काठावर बऱ्याचदा मिश्रण छापलेलं असतं, ते वाचा. शंका आली तर एक धागा मागून जाळून बघा: लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. दुकानदार ‘सुपर १२०’, ‘सुपर १५०’ म्हणतील, तर तो आकडा लोकरीच्या तंतूच्या बारीकपणाचा आहे. आकडा मोठा म्हणजे कापड टिकाऊ असं नाही, उलट जास्त नाजूक असतं. लग्नाच्या धामधुमीत ११० च्या पुढे जायची गरज नाही. लिननही सुचवतील, पण घोड्यावरून उतरेपर्यंत त्याचा चोळामोळा झालेला असतो.

बस्त्याला मंडळी सुरतेला निघाली तर साड्या खुशाल तिथे घेऊ द्या. तिकडचा मोठा धंदा कृत्रिम धाग्याचा आहे, म्हणून सूटपीस तुम्ही स्वतः हात लावून पसंत करा. सासऱ्यांना आधीच नम्रपणे सांगून टाका, कोणाला वाईट वाटत नाही. साधारण बांध्याला ५८ इंच पन्ह्याचं सव्वातीन मीटर पुरतं. उंच-धिप्पाड असाल तर टेलरला विचारून घ्या.

रंग गडद निळा किंवा मध्यम करडा. काळा उन्हात तापतो, क्रीमवर हळदी-कुंकवाचा एक हात लागला की संपलं. शर्ट पांढरा सुती, त्यावर घाम आकाशी रंगाइतका उठून दिसत नाही.

टेलरला सांगायच्या गोष्टी: कोटाला पूर्ण अस्तर नको, अर्धं ठेवा, पाठ मोकळी राहते. समोरच्या भागाला आकार देणारा आतला थर चिकटवलेला (फ्युजिंग) की शिवलेला (कॅनव्हास), ते विचारा. हलक्या दर्जाचं फ्युजिंग ड्रायक्लीनमध्ये सुटून कापडाला फुगे येतात. खांदा पहिल्या ट्रायललाच नीट बघा. बाही, कंबर नंतर कमी-जास्त करता येते, खांद्याचं काम अवघड. बाहीखालून शर्टाची कफ एक-दीड सेंटिमीटर दिसली पाहिजे.

पँटकडे कोणी बघत नाही आणि फजिती तिथेच होते. कन्यादान, होम, सगळं पाटावर मांडी घालून असतं, वर घोड्यावर टांग टाकायची. त्यामुळे स्किन-फिट अजिबात नको. आसन सैल, मांडीला घेर आणि आतल्या शिवणीत मार्जिन ठेवायला सांगा. ट्रायलला आरशापुढे नुसते उभे राहू नका, दुकानात खाली मांडी घालून बसा. टेलर हसला तर हसू द्या.

कापड मार्चमध्ये टेलरकडे पोचवा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास आमच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो, त्या घाईत दुसरी ट्रायल राहून जाते. ट्रायलला येताना लग्नातले बूट आणि तोच शर्ट आणा, नाहीतर पँटची उंची चुकते.