सत्तरच्या दशकातल्या, आता विस्मरणात गेलेल्या अमेरिकन परफॉर्मन्स गाड्यांची बांधणी खरंच कच्ची होती का?

होती, पण सरसकट नाही. एकाच गाडीत निगुतीने केलेलं काम आणि घाईत उरकलेलं काम शेजारी शेजारी सापडतं, आणि म्हणूनच मला या गाड्यांबद्दल फार हळहळ वाटते. मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात पेंट शॉपमध्ये चौदा वर्षं काढली, त्यामुळे माझी नजर आधी पत्र्याकडे जाते. चार गाड्यांबद्दल वरवर लिहिण्यापेक्षा एकीबद्दल नीट सांगतो: शेवरोले कॉसवर्थ वेगा, म्हणजे शेवरोले कंपनीच्या ‘वेगा’ या लहान गाडीची खास आवृत्ती.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त ओहायोला गेलो होतो. रविवारी एका मैदानात जुन्या गाड्या मांडल्या होत्या. मस्टँग आणि कमारोभोवती गर्दी, आणि कडेला एक लहानशी काळी गाडी, अंगावर बारीक सोनेरी रेघा. मालक सत्तरी ओलांडलेले. मी इंजिनाबद्दल विचारलं तसं त्यांनी लगेच बोनेट उघडलं. दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे), सोळा व्हॉल्व्ह, आणि कॅम कव्हरवर ते इंजिन ज्या कामगाराने जोडलं त्याच्या सहीचं स्टिकर. आत डॅशबोर्डवर गाडीचा अनुक्रमांक असलेली पट्टी. त्या सहीकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. आमच्या लाइनवरून हजारो गाड्या गेल्या, पण कुणा कामगाराचं नाव कधी गाडीवर गेलं नाही.

ही इंजिनं न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडा इथे हाताने जोडली जायची. इंजिनाच्या वरच्या भागामागे, म्हणजे हेडमागे, इंग्लंडच्या कॉसवर्थ कंपनीचं डोकं होतं, शर्यतीच्या इंजिनांत ज्यांचा दबदबा होता ते. दोन लिटरचं इंजिन, इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन, स्टेनलेस स्टीलचं एक्झॉस्ट हेडर. आणि हे सगळं 1975 साली. गाडी खरं तर आधीच यायची होती. पण 1974 मध्ये प्रदूषणाच्या 50,000 मैलांच्या चाचणीत व्हॉल्व्ह जळले आणि मुहूर्त हुकला. शेवटी आली ती 110 हॉर्सपॉवर घेऊन. हा आकडा पाहून नाक मुरडू नका. 1972 पासून अमेरिकेत ताकद ‘नेट’ मोजू लागले, म्हणजे एअर फिल्टर, सायलेंसर, सगळं लावून. त्याआधीचे फुगलेले आकडे नुसत्या उघड्या इंजिनाचे असायचे. 1975 च्या कॉर्व्हेटचं साधं 5.7 लिटरचं व्ही-8 सुद्धा 165 वरच होतं.

किंमत मात्र साध्या वेगा गाडीच्या दुप्पट. कंपनीने जाहिरातच तशी केली होती: दोन वेगांच्या किमतीत एक वेगा. दोन वर्षांत 3,508 गाड्या झाल्या आणि विषय संपला.

आता पत्रा. बॉडी ओहायोतल्या लॉर्ड्सटाउनची, साध्या वेगाच्याच लाइनवरची. त्या लाइनचा वेग ताशी 100 गाड्यांच्या घरात ठेवला होता, म्हणजे एका माणसाच्या हाताखाली एक गाडी 36 सेकंद. इतर कारखान्यांत साधारण मिनिटभर मिळायचा. मार्च 1972 मध्ये तिथले कामगार संपावर गेले, बहुतेक विशी-पंचविशीतली पोरं. भांडण मुख्यतः पगाराचं नव्हतं, कामाच्या वेगाचं आणि कमी केलेल्या माणसांचं होतं. मी लाइनवर उभा राहिलेला माणूस आहे, मला त्यांचं म्हणणं पटतं. 36 सेकंदांत बोल्ट बसतो, पण बसला की नाही ते पाहायला वेळ उरत नाही.

गंजाचं कारण मात्र त्या पोरांच्या हातात नव्हतंच. बॉडी गंजरोधक द्रावणाच्या टाकीत बुडवतात आणि विजेच्या भाराने थर चढतो. बुडवताना हवा बाहेर पडायला वाट ठेवली नाही, तर ती कोपऱ्यात अडकते आणि तिथला पत्रा कोराच राहतो. वेगाच्या पुढच्या मडगार्डच्या वरच्या भागात नेमकं हेच झालं. शिवाय चाकावरची आतली प्लास्टिकची लायनिंग खर्च वाचवायला गाळली होती, त्यामुळे हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ आणि चिखल थेट त्या कोऱ्या पत्र्यावर. मडगार्ड एक-दोन हिवाळ्यांत भोकं पडून जायचे, आणि कंपनीला ते फुकट बदलून द्यावे लागले. 1974 मध्ये लायनिंग आली.

साध्या वेगाचं इंजिनही बदनाम झालं. अॅल्युमिनियमचा ब्लॉक, त्यात स्लीव्ह (सिलेंडरच्या आतलं पोलादी अस्तर) नाहीत, वर बिडाचं हेड आणि रेडिएटर लहान. पाणी जरा कमी झालं की इंजिन तापायचं, सिलेंडर ओरबाडले जायचे आणि मग ते ऑइल खात सुटायचं. 1976 पर्यंत बरंच सुधारलं, पाच वर्षं किंवा 60,000 मैलांची वॉरंटीही दिली, पण 1977 ला वेगाच बंद झाली.

विस्मरणातल्या आणखी दोन सांगून ठेवतो. एएमसी (अमेरिकन मोटर्स) कंपनीची हॉर्नेट एससी/360, फक्त 1971 ची, 784 गाड्या. आणि 1973-74 च्या पाँटियाक फायरबर्डमधलं सुपर ड्यूटी 455 हे इंजिन. नेट 290 हॉर्सपॉवर, मजबूत केलेला ब्लॉक आणि फोर्ज्ड कनेक्टिंग रॉड. त्या मंदीच्या काळात असं इंजिन बाजारात आणणाऱ्या इंजिनीअरांना माझा मनापासून नमस्कार.

तुम्ही अमेरिकेत असाल आणि एखादी कॉसवर्थ वेगा बघायला जाणार असाल, तर खिशात लोहचुंबक ठेवा. पुढच्या मडगार्डच्या माथ्यावर, काचेच्या खालच्या कडेला आणि दारांच्या तळाशी फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग गार इंजिन सुरू करायला सांगा आणि निळा धूर येतो का, म्हणजे ऑइल जळतंय का, ते मागे उभं राहून बघा.