आजीचा अंगठा मशीनवर उमटत नाही, हयातीचा दाखला ऑनलाइनच द्यावा लागतो का?

नाही, सक्ती नाही. २०१४ साली आलेलं ‘जीवन प्रमाण’, म्हणजे हाच दाखला ऑनलाइन देणं, ही फक्त सोय आहे. बँकेत जाऊन कागदी फॉर्मवर सही किंवा अंगठा दिला तरी चालतं. काउंटरवरून ‘सायबर कॅफेत जा’ म्हणून पिटाळलं तर सरळ मॅनेजरला गाठा, मी आईच्या वेळी तेच केलं. जन्मभर भांडी घासून तिच्या बोटांवरच्या रेषाच झिजल्यात, मशीन तरी काय वाचणार!

२०२१ पासून मोबाइलवर चेहऱ्यानेही ओळख पटते, पण डोळे मिचकवायला सांगतात; आई प्रत्येक वेळी डोळे मिटूनच बसायची. आजींना चालवत नसेल तर पोस्टमनला घरी बोलावता येतं. केंद्राची पेन्शन असेल आणि वय ८० च्या पुढे, तर नोव्हेंबरऐवजी ऑक्टोबरातच उरका.