पानाची नस की शीर?

प्रश्न असा: पानावरच्या रेषांना नस म्हणावं की शीर, आणि जाळीदार-समांतर हा भेद ओळखायचा कसा?

बोलताना दोन्ही चालतात. तरी वनस्पतींच्या बाबतीत रुळलेला शब्द शीर, आणि शिरांच्या मांडणीला शिराविन्यास. नस ‘दबते’, कुणाची तरी ‘ओळखता’ येते. पानाला मात्र शिराच शोभतात. ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष असू द्या. शीर दीर्घ आणि स्त्रीलिंगी, पण अनेकवचनात व सामान्यरूपात ऱ्हस्व होते: शिरा, शिरेवर, शिरांमधून. ‘शिर’ म्हणजे डोकं, ते नपुंसकलिंगी. ‘पानाच्या शिरावर’ लिहिलंत तर पानाला डोकं फुटेल!

आता ओळख. देठातून निघून पानाच्या मधोमध टोकाकडे जाते ती मध्यशीर. तिला फाटे, फाट्यांना उपफाटे आणि ते एकमेकांना मिळून घरंच घरं, हा जाळीदार शिराविन्यास. पिंपळाचं पान बरेच दिवस पाण्यात ठेवलं की मधला गर कुजून जातो आणि हीच जाळी उरते. गवत, ऊस, मका यांच्या शिरा तळापासून टोकापर्यंत शेजारून धावतात. हा समांतर.

घोटाळा होतो तो केळीपाशी. ठसठशीत मध्यशीर दिसली की लोक पान जाळीदार ठरवून मोकळे होतात. पण मध्यशीर असणं ही जाळीची खूण नव्हेच. केळीच्या मध्यशिरेतून निघालेल्या शिरा एकमेकींना समांतर राहून कडेकडे जातात. म्हणून तर वाऱ्याने ते पान आडवं, सरळ पट्ट्यांत फाटतं. कर्दळही याच वाटेची. उलट तमालपत्राच्या तीन ठळक शिरा तळापासून टोकाकडे जाताना पाहून समांतर म्हणायचा मोह होतो. पान उजेडासमोर धरा, त्या तिघींच्या मधली जागा बघा: बारीक जाळी आहे. मोठ्या शिरा फसवतात, निवाडा मधल्या जागेत होतो.

‘जाळीदार म्हणजे द्विदल, समांतर म्हणजे एकदल’ हे शाळेतलं सूत्र बहुतेक वेळा लागू पडतं, पण व्याख्या म्हणून वापरू नका. अळू आणि घोटवेल एकदल असून जाळीदार आहेत. उंडी द्विदल आहे, पण तिच्या बाजूच्या शिरा इतक्या दाट आणि समांतर की पान कंगव्याने विंचरल्यासारखं दिसतं.